कागदावर राहिलेलं शिकागो

मिशिगन सरोवरात थोडं आत शिरलेल्या जमिनीच्या पट्ट्यावर शिकागोचं अ‍ॅड्लर तारांगण आहे. तिथल्या काठावरून शहराकडे पाहिलं की अख्खं शिकागो एका नजरेत मावतं. डावीकडे काळा विलिस टॉवर, म्हणजेच पूर्वीचा सीअर्स टॉवर, ४४२ मीटर उंच. उजवीकडे लांबवर, वर निमुळता होत गेलेला आणि अंगभर तिरप्या पोलादी फुल्या मिरवणारा हॅनकॉक. मध्ये पांढराशुभ्र एऑन सेंटर. शिकागोच्या पोस्टकार्डांवर हेच चित्र असतं.

या चित्रात आणखी चार-पाच इमारती असायला हव्या होत्या. त्यांचे आराखडे झाले होते, वर्तमानपत्रांत चित्रं छापून आली होती, बहुतेकींच्या जागाही ठरल्या होत्या. एकीचा तर पायाही घातला गेला होता. त्या इमारती मनातल्या मनात आपापल्या जागी उभ्या करून पाहणं मला फार मोलाचं वाटतं. बांधून झालेल्या इमारतीच्या अडचणी उद्घाटनाच्या दिवशीच विसरल्या जातात. न झालेल्या इमारतीच्या मात्र अडचणीच मागे उरतात: पैसा कुठे आटला, विमानांनी कुठे अडवलं, लिफ्टच्या दोरानं कुठे हात टेकले. आणि त्यातल्या कल्पना वाया जात नाहीत. त्या गाव बदलतात आणि भलत्याच शहरात, भलत्याच नावानं उभ्या राहतात.

सगळ्यात डावीकडून सुरुवात करू. विलिस टॉवरच्याही मागे, हॉल्स्टेड रस्त्यावर, एक प्रचंड घुमट दिसायला हवा होता. डॅनियल बर्नहॅम आणि एडवर्ड बेनेट यांनी १९०९ साली शिकागोचा जो विख्यात आराखडा मांडला, त्याचं केंद्र म्हणजे हा घुमट. जूल्स गेरँ या चित्रकारानं जलरंगात रंगवलेल्या त्या चित्रात भोवतालची सगळी घरं घुमटापुढे ठेंगणी दिसतात. आराखड्यातला मोकळा सरोवरकाठ शहरानं मनापासून जपला. घुमट मात्र झाला नाही. आज त्या जागी महामार्ग एकमेकांत गुंफले गेले आहेत आणि तिथली वाहतूककोंडी शिकागोकरांच्या रोजच्या बोलण्यात असते.

यानंतरची गोष्ट १९२२ सालची. ‘शिकागो ट्रिब्यून’ या वर्तमानपत्राला पंच्याहत्तर वर्षं झाली, तेव्हा त्यानं आपल्या कचेरीसाठी जगातली सर्वांत सुंदर इमारत मागवणारी खुली स्पर्धा जाहीर केली. एकूण एक लाख डॉलरची बक्षिसं, त्यांतलं पहिलं पन्नास हजारांचं. तेवीस देशांमधून अडीचशेच्या वर आराखडे आले. म्हणजे त्या एका जागेवर अडीचशे इमारती कागदावर उभ्या राहिल्या आणि त्यांतली एक खरी झाली. जॉन मीड हॉवेल्स आणि रेमंड हूड यांची ती इमारत १९२५ साली पुरी झाली. माथ्यावर युरोपातल्या जुन्या चर्चसारख्या कमानी असलेली ही इमारत मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर आजही आहे. तिच्या तळाच्या भिंतीत जगभरच्या वास्तूंचे दगड बसवले आहेत, त्यांत ताजमहालाचाही एक तुकडा आहे.

मला त्या इमारतीपेक्षा तिच्याकडून हरलेल्या दोन आराखड्यांबद्दल जास्त ओढ वाटते. पहिला व्हिएन्नाच्या अडॉल्फ लूसचा. इमारतींवरच्या नक्षीकामाविरुद्ध आयुष्यभर भांडलेल्या या माणसानं काय पाठवलं, तर अकरा मजल्यांच्या चौकोनी ठोकळ्यावर एकवीस मजल्यांचा एकच एक ग्रीक खांब. काळ्या, गुळगुळीत ग्रॅनाइटचा. खांबानं काही पेललेलं नाही, खांब हीच इमारत. अनेकांना ती थट्टा वाटली, पण लूस गंभीर होता. शिकागोत नाही तर दुसऱ्या कुठल्या शहरात हा खांब उभा राहीलच, असं त्यानं लिहून ठेवलं. तो कुठेच उभा राहिला नाही. तरी वास्तुकलेच्या वर्गांत हूडच्या इमारतीइतकाच हा खांबही आज शिकवला जातो.

दुसरा आराखडा फिनलंडच्या एलिएल सारिनेनचा. तो इतक्या शेवटी पोहोचला की परीक्षकांची निवड तोवर जवळजवळ होऊन गेली होती. त्याला दुसरं बक्षीस मिळालं, वीस हजार डॉलर. त्या इमारतीवर टोपी घातल्यासारखं वेगळं शिखर नव्हतं. ती पायऱ्यापायऱ्यांनी अंग चोरत वर जात होती, आणि प्रत्येक पायरी खालच्या भिंतीतूनच उगवल्यासारखी होती. उत्तुंग इमारतींचा आद्य आचार्य मानला जाणारा लुई सलिव्हन तेव्हा म्हातारा झाला होता, हाती काम उरलं नव्हतं. त्यानं पुढच्याच वर्षी लेख लिहून ठणकावलं की खरा विजेता सारिनेन आहे. वास्तुकारांनी निकाल आपल्या हातांनी फिरवला. पहिलं बक्षीस मिळवलेला हूडच न्यू यॉर्कमधल्या आपल्या पुढच्या इमारतीत सारिनेनच्या वाटेनं गेला. सॅन फ्रान्सिस्कोची टेलिफोन कंपनीची इमारत आणि ह्यूस्टनची गल्फ बिल्डिंग तर उघड उघड त्याच घराण्यातल्या. स्वतः सारिनेननं आयुष्यात एकही गगनचुंबी इमारत बांधली नाही. बक्षिसाच्या पैशावर तो कुटुंबासह अमेरिकेत आला आणि मिशिगन राज्यात शिकवू लागला. सेंट लुइसची १९२ मीटर उंच पोलादी कमान त्याच्या मुलाची, एरोची.

आता त्या काठावरून मान जितकी वर जाईल तितकी वर न्या, कारण पुढची इमारत एक मैल उंच आहे.

ऑक्टोबर १९५६. शिकागोतल्या शर्मन हाउस हॉटेलात ८९ वर्षांचा वास्तुकार फ्रँक लॉइड राइट एका चित्रासमोर उभा आहे. चित्रच सुमारे बावीस फूट उंच. त्यात एक लांबच लांब पातं आकाशात गेलेलं, नाव ‘द इलिनॉय’. ५२८ मजले, ५,२८० फूट, म्हणजे १,६०९ मीटर. त्या वेळी शिकागोतली सर्वांत उंच इमारत होती १८४ मीटरची, आणि जगातली सर्वांत उंच एम्पायर स्टेट ३८१ मीटरची. एक लाख माणसं, पंधरा हजार मोटारी आणि दीडशे हेलिकॉप्टर यांची सोय राइटनं आराखड्यात केली होती. महापौर रिचर्ड डेली यांनी त्याच सुमारास एक दिवस ‘फ्रँक लॉइड राइट दिन’ म्हणून जाहीर केला. इमारतीसाठी पैसे द्यायला मात्र कुणी पुढे आलं नाही, आणि अडीच वर्षांत राइट गेला.

हे म्हाताऱ्याचं स्वप्नरंजन होतं असं म्हणून पुष्कळ जण पुढे जातात. मला ते पटत नाही. राइटनं इमारतीचे प्रश्न नेमके ओळखले होते. पहिला प्रश्न पायाचा. नुसत्या जमिनीवर ठेवलेली इतकी उंच वस्तू वाऱ्यानं कलंडेल, म्हणून त्यानं सोटमुळासारखा एकच खोल पाया खडकात रोवला आणि त्यातून निघालेल्या मधल्या कण्यावर मजले फांद्यांसारखे अडकवले. ही नुसती कल्पना नव्हती. ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिल गावी त्याचा एकोणीस मजली प्राइस टॉवर याच तत्त्वावर त्याच वर्षी पुरा झाला होता. दुसरा प्रश्न वाऱ्याचा. त्यासाठी इमारत तळाशी तीन पायांवर पसरट आणि वर टोकदार ठेवली, म्हणजे जिथे वारा जोरात असतो तिथे त्याला धरायला अंग कमी मिळतं.

तिसरा प्रश्न लिफ्टचा, आणि राइट हरला तो इथे. इमारत जितकी उंच, तितकी माणसं जास्त आणि तितक्या लिफ्ट जास्त. आणि वरच्या मजल्यांना जाणारी प्रत्येक लिफ्ट खालच्या सगळ्या मजल्यांना भोक पाडत जाते. एका उंचीनंतर खालच्या मजल्यांवर भाड्यानं द्यायला जागाच उरत नाही. शिवाय पोलादी दोराला स्वतःचंही वजन असतं. सुमारे पाचशे मीटरनंतर दोर डब्यापेक्षा स्वतःलाच पेलण्यात दमतो. राइटनं ७६ लिफ्ट दाखवल्या, प्रत्येकीला एकावर एक पाच डबे, आणि त्या अणुशक्तीवर चालतील असं सांगितलं. १९५६ साली अणुशक्ती हे सगळ्याच अवघड प्रश्नांचं उत्तर होतं.

खरी उत्तरं त्याच शहरात, थोड्या वर्षांनी निघाली. ढाक्यात जन्मलेला फझलूर रहमान खान हा इंजिनियर १९५५ सालीच स्किडमोर, ओइंग्ज अँड मेरिल या वास्तुरचना कंपनीच्या शिकागोतल्या कचेरीत रुजू झाला होता. इमारतीच्या आत खांबांचं जंगल उभारण्याऐवजी बाहेरची भिंतच पोकळ नळीसारखी ताठ करायची, मग वाऱ्याचा भार तीच घेते, हा त्याचा मोठा शोध. हॅनकॉकच्या अंगावरच्या फुल्या शोभेच्या नाहीत. त्याच त्या नळीला ताठ धरतात. सीअर्स टॉवर म्हणजे अशा नऊ नळ्यांची मोळी. लिफ्टचं गणितही तेव्हाच सुटलं: सगळ्यांनी एकाच लिफ्टनं वरपर्यंत जायचं नाही, मध्ये उतरून दुसरी धरायची. हॅनकॉकच्या रहिवाशांची ही अदलाबदल ४४व्या मजल्यावर होते आणि तिथेच त्यांचा पोहण्याचा तलाव आणि किराण्याचं दुकानही आहे. दोराचा प्रश्न सुटायला २०१३ उजाडलं, जेव्हा कार्बन तंतूंचा हलका दोर आला. हजार मीटरचा पल्ला आता शक्य झाला आहे.

राइटच्या मैलभर उंच इमारतीचा वारसा शिकागोच्या बाहेर शोधावा लागतो. दुबईचा ८२८ मीटरचा बुर्ज खलिफा खानच्याच कचेरीत, शिकागोत आखला गेला. तीन पाय, मधला भक्कम गाभा, वर बारीक होत गेलेलं टोक: राइटचं चित्र पाहिलेल्या माणसाला ही ओळख पटवून द्यावी लागत नाही. बुर्जचा वास्तुकार एड्रियन स्मिथ पुढे स्वतंत्र झाला, आणि हजार मीटरच्या पुढे जाऊ पाहणारा जेद्दाचा मनोराही त्याच्याच शिकागोतल्या कचेरीचा. तोही मधली काही वर्षं अर्धवट पडून होता. २०२५ च्या सुरुवातीला काम पुन्हा चालू झालं.

विलिस टॉवरच्या थोडं उजवीकडे, मॅडिसन आणि वेल्स रस्त्यांच्या कोपऱ्यावर, आणखी एक रिकामी जागा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वास्तुकार सीझर पेली यांनी तिथे १२५ मजल्यांची ‘स्काय नीडल’, म्हणजे आकाशातली सुई, आखली. उंची दोन हजार फुटांच्या जेमतेम खाली. हा आकडा कलेनं ठरवलेला नव्हता. दोन हजार फुटांच्या वरची कोणतीही वस्तू विमानांना धोकादायक, असं अमेरिकेचं विमान वाहतूक प्रशासन धरून चालतं. तेवढ्यात ऑफिसांच्या जागांचा बाजार कोसळला. गरजेपेक्षा कितीतरी जागा बांधून झाली होती, बँका कर्ज देईनात, आणि सुई कागदावरच राहिली. पेली आणि त्यांच्याबरोबरचे इंजिनियर क्वालालंपूरला गेले. भक्कम काँक्रीटच्या गाभ्याचा शिकागोत झालेला अभ्यास त्यांच्या पाठीशी होताच. १९९८ साली पेट्रोनासचे जुळे मनोरे उभे राहिले आणि ४५२ मीटरच्या त्या जोडीनं जगातल्या सर्वांत उंच इमारतीचा मान पंचवीस वर्षांनी शिकागोकडून काढून घेतला.

विमानांची ही रेषा मुंबईलाही चांगली माहीत आहे. लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवरचा ‘वर्ल्ड वन’ मूळ आराखड्यात ४४२ मीटरचा होता, नेमका सीअर्स टॉवरएवढा. विमानतळ प्राधिकरणाची परवानगी मिळाली नाही आणि तो २८० मीटरवर थांबला. तिथे न बांधलेले १६२ मीटर म्हणजे एक आख्खी गगनचुंबी इमारतच आहे.

आता अगदी उजवीकडे, जिथे शिकागो नदी सरोवराला भेटते तिथे. इथे वास्तुकार सांतियागो कालात्राव्हा यांचा ‘शिकागो स्पायर’ उभा राहायचा होता: १५० मजले, दोन हजार फूट, प्रत्येक मजला खालच्यापेक्षा किंचित फिरवलेला, असं करत करत माथ्यापर्यंत एक पूर्ण फेरा. २००७ साली काम सुरू झालं. शिकागोची वरची माती मऊ चिकणमाती आहे, म्हणून खाली खडकापर्यंत काँक्रीटचे ३४ स्तंभ उतरवले, आणि मधल्या गाभ्यासाठी शंभर फुटांहून अधिक व्यासाची, सुमारे ७६ फूट खोल गोल विहीर बांधून काढली. २००८ साली जागतिक मंदी आली. आयर्लंडमधून आलेला पैसा तिथल्या बँकांबरोबरच बुडाला. काम थांबलं. पुढे कित्येक वर्षं शेजारच्या उंच इमारतींतल्या लोकांना खिडकीतून ती विहीर तेवढी दिसत राहिली. पुढे जागेच्या नव्या मालकानं भोवती मातीचा बांध घालून ती रस्त्यावरून झाकली.

स्पायर झाला नाही याची हळहळ मला वाटते, कारण इतकी देखणी वळणदार रेषा शिकागोच्या चौकोनी आकाशात नव्हती. पण सुमारे बाराशे आलिशान सदनिकांवर ती सगळी इमारत उभी राहायची होती, आणि त्या घेऊ पाहणाऱ्या अनेकांना घर हवं नव्हतं, गुंतवणूक हवी होती. बाजार पडला की असं गिऱ्हाईक एका रात्रीत नाहीसं होतं. २०२४ साली त्याच जागेवर नवं काम सुरू झालं. आता दोन मनोऱ्यांची योजना आहे. पहिला ७२ मजल्यांचा, भाड्याच्या घरांचा, आणि त्यातली वीस टक्के घरं परवडणाऱ्या दरातली. उंची स्पायरच्या निम्म्याहूनही कमी.

स्पायरच्या शेजारी आणखी एक न झालेली गोष्ट आहे. मूलनिवासी नसलेल्यांपैकी शिकागोच्या जागी पहिली कायमची वस्ती ज्यानं केली, त्या झाँ बाप्तिस्त प्वाँ दु साब्ल या कृष्णवर्णीय व्यापाऱ्याच्या नावानं तिथल्या तीन एकरांहून थोड्या मोठ्या जमिनीवर उद्यान करायचं, असं शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांनी १९८७ साली जाहीर केलं होतं. त्याच वर्षी ते वारले. जमिनीत थोरियम हा किरणोत्सारी पदार्थ सापडला, तो साफ करण्यात वर्षं गेली. नंतर स्पायरच्या बिल्डरकडून निधी मिळणार होता, तो स्पायरबरोबरच गेला. आता नव्या मनोऱ्यांच्या मंजुरीला त्याच उद्यानाचा निधी पुन्हा जोडलेला आहे. सरोवरकाठच्या रस्त्याला २०२१ साली दु साब्लचं नाव मिळालं. शिकागोच्या कागदावर राहिलेल्या सगळ्या गोष्टींमधली एकच निवडायला सांगितली, तर मी हे उद्यान निवडेन, आणि ते पहिल्या मनोऱ्यात भाडेकरू राहायला येण्याआधी खुलं व्हावं असा आग्रह धरेन.