समुद्रकिनारी मेटल डिटेक्टर घेताय? आधी चकतीचे माप बघा!

किनाऱ्यावरच्या गावांना हा प्रसंग नवा नाही. गणेश विसर्जनाला कंबरभर पाण्यात उतरलेल्या माणसाच्या बोटातली अंगठी निसटते. सुट्टीत आलेल्या पाहुणीचे मंगळसूत्र लाटेच्या फटक्यात तुटते. गावातली चार पोरे धावतात, हाताने वाळू उपसतात, भरती चढू लागली की माघारी फिरतात. दुसऱ्या दिवसापासून ‘कुणाला तरी मिळालंच असणार’ ही कुजबुज सुरू होते. ज्याचे सोने गेले त्याचे नुकसान होतेच, वर गावालाही उगाच बोल लागतो.

यावर धातू शोधणारे यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, हा चांगला उपाय आहे. एखादी ग्रामपंचायत, मच्छीमार सोसायटी किंवा तरुण मंडळ ते घ्यायचे मनात आणते. मग दुकानात पहिला सल्ला मिळतो, ‘मोठी कॉइल घ्या, खोल जाईल!’ कोरड्या शेतजमिनीत हे बोलणे बरेचसे खरे आहे. खाऱ्या, ओल्या वाळूत मात्र ते अंगलट येते. म्हणून पैसे मोजण्याआधी कॉइलचा हिशेब नीट समजून घ्या.

चकती काय करते?

दांड्याच्या टोकाला जी गोल तबकडी असते तीच कॉइल. आपण तिला चकती म्हणू. तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून उलटसुलट वीजप्रवाह फिरतो आणि खाली जमिनीत चुंबकीय क्षेत्र तयार होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्यातही बारीक वीजप्रवाह उठतात. ते प्रवाह चकतीतले दुसरे वेटोळे पकडते आणि यंत्र ‘टूंऽ’ करते.

चकती मोठी असेल तर क्षेत्र खोलवर जाते, हे खरेच. पण खोलीला मर्यादा आहे. चकतीच्या मापापेक्षा वस्तू बरीच खाली असेल तर अंतर दुप्पट होताच परत येणारा इशारा निम्मा होत नाही, तो जवळजवळ चौसष्टावा हिस्सा उरतो. म्हणून अंगठी किंवा नाणे यांच्या बाबतीत ‘चकती जितके इंच, साधारण तितकीच खोली’ असा ढोबळ हिशेब धरतात. तोही जमीन चांगली असेल तरच. चार-पाच फुटांवरची अंगठी दाखवतो असे कोणी म्हणाले तर सरळ नमस्कार करून बाहेर पडा.

मीठ कुठे आडवे येते?

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी विहिरीच्या गोड्या पाण्यापेक्षा साधारण शंभर पट सहज वीज वाहून नेते. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने ओली खारी वाळू हाच एक पसरट, फिका धातू! चकतीखाली जितकी जास्त ओली वाळू, तितका मिठाचा गलका जास्त. चकती सहा इंचांवरून बारा इंचांवर नेली की व्यास दुप्पट होतो, पण तिच्याखालची जागा चौपट होते, आणि खोली धरली तर वाळूचा गोळा त्याहूनही मोठा. अंगठी मात्र तेवढीच राहते. चौपट गर्दीत एकाच माणसाची हाक ऐकण्यासारखे हे काम आहे.

मग यंत्र विनाकारण ओरडू लागते. ते गप्प करायला आपण त्याची संवेदनशीलता कमी करतो. आणि ती कमी केली की मोठ्या चकतीने दिलेली खोली निघून जाते. पैसे परातीचे, काम बशीचे, अशी गत होते.

यात आणखी एक मेख आहे, ती बायाबापड्यांच्या दागिन्यांबाबत महत्त्वाची. बारीक साखळी ही यंत्राला एक मोठी वस्तू म्हणून दिसत नाही. प्रत्येक कडी सुटी सुटी, इवलीशी दिसते. तिचा इशारा मिठाच्या इशाऱ्याच्या अगदी जवळचा असतो. मीठ दाबायला गेलात की साखळीही दाबली जाते. मंगळसूत्राच्या वाट्या, जाड अंगठी किंवा कडे यांचा इशारा त्यामानाने ठळक येतो. म्हणून साखळी शोधताना खोलीचा हव्यास सोडावा आणि लहान चकतीने, जमिनीलगत, सावकाश फिरावे.

काळ्या रेतीचा दुसरा त्रास

आपल्या कोकणपट्टीला मिठाबरोबर काळ्या रेतीचीही देणगी आहे. रत्नागिरीजवळ काळबादेवी, मिऱ्या या भागांतल्या वाळूत इल्मेनाइट हे जड, काळे खनिज आहे, हे भूगर्भशास्त्रज्ञांनी नोंदवलेले आहे. त्याच्या जोडीला लोहचुंबकाला चिकटणारे मॅग्नेटाइटही असते. घरी साधे लोहचुंबक असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळूतून फिरवा. पिशवीवर काळी मिशी उगवली तर समजा की आपल्या किनाऱ्यावर ही रेती आहे.

मीठ एका प्रकारे बोलते, लोहयुक्त रेती दुसऱ्या प्रकारे. साधे, एकाच वारंवारितेवर चालणारे यंत्र एकाला सांभाळायला जाते तर दुसरे सुटते. एकाच वेळी अनेक वारंवारितांवर चालणारी यंत्रे यासाठीच निघाली. खारी वाळू असेल तर शक्यतो तसेच यंत्र घ्यावे. दुसरा प्रकार ‘पल्स इंडक्शन’चा. त्याला मीठ आणि काळी रेती फारशी त्रास देत नाही, मोठी चकतीही चालते. पण लोखंड आणि सोने यांतला फरक ते नीट सांगत नाही. होड्यांचे गंजके खिळे, तारांचे तुकडे, सगळे उकरत बसावे लागते. जिथे मासेमारीच्या होड्या ओढतात त्या किनाऱ्यावर हा प्रकार घाम काढतो.

मग कुठले माप घ्यावे?

घरातल्या भांड्यांच्या मापाने सांगायचे तर तीन प्रकार लक्षात ठेवा.

बशीएवढी, ५ ते ६ इंच : मिठाचा त्रास सर्वांत कमी. बाटल्यांची झाकणे, खिळे, पत्र्याचे तुकडे दाटीने पडले असतील तिथे दोन वस्तू वेगवेगळ्या ओळखते. बारीक साखळीला उत्तम. पण एका फेरीत पट्टा अरुंद निघतो आणि खोली कमी. ‘इथेच, या दगडापाशी पडलं’ असे नक्की माहीत असेल तेव्हा हीच वापरा.

भाकरी ते ताटाएवढी, ८ ते ११ इंच : ओल्या वाळूसाठी सर्वांत भरवशाची. खोली, पट्टा आणि मिठाचा गलका यांचा मेळ इथे बसतो. गुडघाभर पाण्यात शोधायचे असेल तर आठ-नऊ इंचांच्या पुढे जाऊ नका. मोठी चकती पाण्यात वल्ह्यासारखी अडते आणि अर्ध्या तासात खांदा भरून येतो.

परातीएवढी, १२ ते १५ इंच : भरतीरेषेच्या वरच्या कोरड्या वाळूत, जिथे मिठाचे पाणी नाही, तिथे मोठे क्षेत्र लवकर पालथे घालायला ठीक. ओल्या वाळूत शांत, साधी जागा आणि चांगले यंत्र असेल तरच.

यंत्र बनवणारेही हाच हिशेब धरतात. मायनलॅब या ऑस्ट्रेलियन कंपनीने २०१८ साली बाजारात आणलेल्या ‘इक्विनॉक्स ८००’ या अनेक वारंवारितांच्या यंत्राबरोबर ११ इंची चकती मिळते. ६ इंची आणि १५ इंची हव्या असल्यास वेगळ्या घ्याव्या लागतात. पहिली म्हणून मधलीच दिली, यातच उत्तर आले.

चकतीचा आकार विचारताना आतली रचनाही विचारा. एकात एक गोल वेटोळी असलेल्या चकतीला कॉन्सेंट्रिक म्हणतात. तिचे क्षेत्र खाली शंकूसारखे निमुळते होते. इंग्रजी ‘डी’ अक्षरे पाठीला पाठ लावल्यासारखी असलेली ती ‘डबल-डी’. तिचे क्षेत्र सुरीच्या पात्यासारखे अरुंद असते, त्यामुळे ती खनिजयुक्त जमिनीत कमी गोंधळते. आपल्या किनाऱ्याला डबल-डी बरी. शिवाय एका यंत्राची चकती दुसऱ्या यंत्राला बहुधा चालत नाही, हे विसरू नका. आणि नुसती चकती जलरोधक आहे की वरचा डबाही, हे पावतीवर लिहून घ्या.

घेण्याआधी परीक्षा

दुकानातल्या टेबलावर नाणे दाखवून घेतलेली परीक्षा खरी नव्हे. हवेत सगळीच यंत्रे शहाणी असतात. विक्रेत्याला किनाऱ्यावर बोलवा. घरातली एक अंगठी पक्क्या दोऱ्याला बांधा. ओहोटीच्या ओल्या वाळूत ती आधी ४, मग ६, मग ८ इंचांवर पुरा आणि दोऱ्याचे टोक वर ठेवा. प्रत्येक चकतीने दोन्ही बाजूंनी फिरून बघा. जाताना वाजते, येताना वाजत नाही, असा इशारा कामाचा नाही. परीक्षेला एक-दोन रुपयांची आताची नाणी घेऊ नका. ती चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची असतात, सोन्याशी त्यांची तुलना होत नाही.

वापरताना चार गोष्टी

पाण्याच्या कडेला समांतर चाला. ओल्यातून कोरड्यात, कोरड्यातून ओल्यात असे आडवे फिरलात तर प्रत्येक फेरीला यंत्र खोटे ओरडेल. चकती जमिनीपासून सारख्या उंचीवर ठेवा, झाडूसारखी टोकाला उचलू नका. गलका जास्त वाटला तर एखादा इंच वर धरा. काम झाले की गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा.

वेळेचा हिशेब मच्छीमार बंधूंना सांगायला नकोच, पण इतरांसाठी जुना ठोकताळा सांगतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, अदमासे तितक्या वाजता पूर्ण भरती. तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. अनंत चतुर्दशीला साडेदहाच्या सुमारास भरती, साडेचारच्या सुमारास ओहोटी. ओहोटीच्या तास-दीड तास आधी उतरा आणि पाण्यामागोमाग खाली जा.

उशीर करू नका. सोने वाळूच्या कितीतरी पट जड. लाटांनी वाळू हलली की ते खाली खाली बसत जाते. पावसाळ्यात लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि पाऊस संपल्यावर ती हळूहळू परत भरते. भाद्रपदात हरवलेली अंगठी शिमग्यापर्यंत हात-दोन हात वाळूखाली जाऊ शकते. मग कुठलीच चकती उपयोगाची नाही. लगेच शोधलेत तर मधली चकती पुरते, हाच सगळ्या हिशेबाचा सार आहे.

सापडले, पुढे काय?

इथे सरपंच आणि पोलीस पाटील यांनी विशेष लक्ष द्यावे. हरवलेली वस्तू सापडणाऱ्याची होत नाही. मालक माहीत असताना किंवा शोधता येत असताना ती बेइमानीने ठेवून घेणे हा भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे. त्याला किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षे कैद आणि दंड आहे. वस्तू पोलीस ठाण्यात जमा करून पोच घ्यावी.

जुनी नाणी, जुना साठा सापडला तर कायदा वेगळा. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम, म्हणजे गुप्तधनाचा कायदा, आजही आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, जंजिरा यांसारख्या संरक्षित किल्ल्यांच्या आसपास यंत्र घेऊन उकराउकरी मुळीच करू नये. बाँबसारखी किंवा अनोळखी लोखंडी वस्तू दिसली तर हात न लावता पोलिसांना बोलवा.

वेळास, आंजर्ले यांसारख्या गावांच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. त्या हंगामात वरच्या कोरड्या वाळूत खणू नका. अन्य वेळीही खणलेला खड्डा लगेच बुजवा, बैलाचा किंवा मुलाचा पाय त्यात अडकायला नको.

आणि शेतकरी बंधूंनो, एक इशारा. ‘फर्लांगभरावरून गुप्तधन दाखवणारे यंत्र’ म्हणून हातात काठ्या, अँटेना देणारे लोक गावोगाव फिरतात. अशी वस्तू विज्ञानात नाही. यंत्र चकतीखालचे दाखवते, फर्लांगावरचे नाही. गुप्तधनासाठी अघोरी पूजा सांगणाऱ्यावर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कारवाई होते.

ग्रामपंचायतीने एक यंत्र, एक मधली डबल-डी चकती आणि जमल्यास एक बशीएवढी चकती घ्यावी. सोबत एक नोंदवही ठेवावी. काय हरवले, कुठे, किती वाजता, कोणी शोधले, कोणाला दिले, हे लिहून खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. यंत्र सोने शोधून देईल, पण गावावरचा संशय ती वहीच दूर करेल.