सात मित्रांसाठी सहा रचना

पहिल्या महायुद्धात गमावलेल्या मित्रांची आठवण एका फ्रेंच संगीतकाराने पियानोच्या सुरांत जपली. पण या सुरांत रडारड नाही, नाच आहे!

१९१४ साली युद्ध पेटले, तेव्हा मॉरिस रावेल एकोणचाळीस वर्षांचा होता. फ्रान्समध्ये त्याचे मोठे नाव झाले होते. तरीही सैन्यात जाण्यासाठी त्याने धडपड केली. चण लहान आणि वजन कमी, म्हणून विमानदलाने त्याला नाकारले. अखेर तो लष्करी ट्रकचा ड्रायव्हर झाला आणि १९१६ मध्ये व्हर्दँच्या आघाडीजवळ, तोफांच्या भडिमारात ट्रक चालवू लागला. पुढे आजारपणामुळे त्याला परतावे लागले. १९१७ च्या जानेवारीत आई गेली. अविवाहित रावेलचे सारे विश्व तिच्याभोवती होते. त्यातच एकेक मित्र गेल्याच्या बातम्या.

युद्धाच्या सुरुवातीलाच हाती घेतलेली पियानोची रचना त्याने त्याच वर्षी पूर्ण केली. तिचे नाव ‘ल तोंबो द कूपरँ’, म्हणजे ‘कूपरँची समाधी’. कूपरँ हा १६६८ ते १७३३ या काळातला थोर फ्रेंच संगीतकार. दिवंगताच्या सन्मानार्थ ‘तोंबो’ रचण्याची प्रथा फ्रान्समध्ये सतराव्या शतकापासून होती. रावेलने तो जुना साचा घेतला आणि त्यातील प्रत्येक रचना युद्धात कामी आलेल्या मित्राला अर्पण केली.

कोण होते हे मित्र?

पहिली रचना झाक शार्लोसाठी. रावेलचे संगीत एकट्याने पियानोवर वाजवता यावे, असे रूप त्याने दिले होते. दुसरी झाँ क्रुपीसाठी, तर तिसरी चित्रकार गाब्रिएल देल्युकसाठी. चौथी रचना पिएर आणि पास्काल या गोदँ बंधूंची. हे दोघे १९१४ च्या नोव्हेंबरात एकाच दिवशी मारले गेले. पाचवी झाँ द्रेफ्युसची. त्याच्याच घरच्यांकडे राहून रावेलने हे काम पुरे केले. सहावी कॅप्टन जोझेफ द मार्लियावसाठी.

मार्लियाव संगीताचा अभ्यासक होता. जर्मनांशी लढताना तो पडला. पण त्याच्या मृत्यूनंतर, १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ होता बेथोव्हेन या जर्मन संगीतकारावर! रावेलही याच वृत्तीचा. शत्रुराष्ट्रांच्या संगीतावर बंदी मागणाऱ्या संघटनेत सामील व्हायला त्याने १९१६ मध्ये नकार दिला होता.

११ एप्रिल १९१९ रोजी पॅरिसमध्ये ही रचना प्रथम लोकांसमोर आली. पियानोवर होती मार्गरीट लाँग, मार्लियावची विधवा. शेवटची ‘तोकाता’ बोटांची कसोटी पाहणारी. एकच स्वर विजेच्या वेगाने पुन्हा पुन्हा वाजवायचा. पतीला वाहिलेली ही रचना तिने स्वतः वाजवली.

छापील प्रतीसाठी रक्षाकलशाचे चित्र रावेलने स्वतःच काढले. आत मात्र फोर्लान, रिगोदाँ, मिन्युए हे जुने नाच. शोकसंगीत इतके हलके कसे, असा प्रश्न तेव्हाही पडला. पण मेलेल्या मित्रांची आठवण म्हणजे केवळ त्यांचे मरण नव्हे. त्यांच्यासोबत घालवलेले हसरे दिवसही त्या आठवणीतच येतात. मिन्युएच्या मधल्या भागात सूर क्षणभर गडद होतात आणि पुन्हा मूळ चाल पकडतात.

पुढे रावेलने यातल्या चार रचना वाद्यवृंदासाठी बांधल्या. १९२० साली पॅरिसच्या रंगमंचावर त्यांवर चक्क नृत्यही झाले.