स्वस्त रिबन मायक्रोफोन : निवड आणि वापर यांतच खरी कसोटी

एकेकाळी नभोवाणी केंद्रे आणि मोठ्या स्टुडिओंपुरता मर्यादित असलेला रिबन मायक्रोफोन आता घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या कलावंतांच्याही आवाक्यात आला आहे. गेल्या दोन दशकांत चिनी बनावटीच्या माइकमुळे त्याच्या किमती उतरल्या. मात्र तो कशाला जोडला, कुठे ठेवला आणि कसा हाताळला, यावरच या खरेदीचे चीज होणे अवलंबून असते.

या माइकमध्ये चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ॲल्युमिनियमची, केसाहूनही कितीतरी पातळ अशी पट्टी सैलसर ताणलेली असते. ध्वनिलहरींनी ती हलली की तिच्यात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. जर्मनीत १९२०च्या दशकात विकसित झालेले हे तंत्र पुढच्या दशकात अमेरिकेतील ‘आरसीए’ आणि ब्रिटनमधील ‘बीबीसी’ यांनी प्रचारात आणले.

रिबन माइकमध्ये उच्च कंप्रतेचे स्वर सहसा सौम्य उमटतात. त्यामुळे स्वस्त कंडेन्सर माइकवर कर्कश वाटू शकणारी सनई, ट्रम्पेट, व्हायोलिन किंवा हार्मोनियम येथे मऊ ऐकू येते. तीक्ष्ण आवाजाच्या गायकांनाही तो मानवतो. उलट, ज्या वाद्याच्या नादातील झळाळी टिपायची आहे, तेथे तो मंद वाटू शकतो.

बहुतेक रिबन माइक पुढचा व मागचा आवाज सारख्याच क्षमतेने टिपतात. दोन्ही बाजूंचा आवाज मात्र जवळजवळ टाळतात. गायक समोर आणि तबला बरोबर बाजूला येईल अशी मांडणी केल्यास तबल्याचा आवाज गायनात कमी मिसळतो. छोट्या खोलीत मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज रोखण्यासाठी माइकमागे जाड रजई टांगणे उपयोगी पडते. फार जवळून गायल्यास खर्ज अवाजवी फुगतो. म्हणून साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतर आणि पॉप फिल्टर असावा.

या माइकचा मूळ संकेत क्षीण असल्याने बऱ्याचदा ६० डेसिबल किंवा त्याहून अधिक प्रवर्धन लागते. साध्या ऑडिओ इंटरफेसवर तानपुऱ्यासारख्या हळुवार वाद्यासोबत खरखरही वर येते. अशा वेळी माइक आणि इंटरफेस यांच्यामध्ये छोटा पूर्वप्रवर्धक जोडावा लागतो. त्याचा खर्च खरेदीच्या वेळीच हिशेबात धरणे शहाणपणाचे ठरते.

हाताळणीतील चूक सर्वांत महाग पडते. सदोष केबलमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर गेल्यास पट्टी ताणली जाऊ शकते. काही माइकना मात्र ती आवश्यकच असते. त्यामुळे माहितीपुस्तिका आधी पाहावी. माइकवर फुंकर मारून चाचणी घेऊ नये, तो पंख्याच्या झोतात ठेवू नये आणि वापर नसताना झाकून उभा ठेवावा. एवढे पथ्य पाळल्यास कमी किमतीचा माइकही दीर्घकाळ साथ देऊ शकतो.