शिंकांची गोळी आणि ट्रॅक्टरचा चालक



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, पाचट, हुमणी यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय औषधाचा आहे, पण तो वावरातलाच आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, शेतकी पदविकावाले. तेव्हा औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, हे आधीच सांगून टाकतो.

डोणगाव गटात ऊसनोंदीला फिरताना सोयाबीनच्या मळणीपासून तोडीपर्यंत एक प्रकार हमखास दिसतो. सकाळी बांधावर उभे राहिले की लागोपाठ सात-आठ शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांना खाज. ताप नाही, अंगदुखी नाही. घरची माणसे म्हणतात, सर्दी झाली. पण दरवर्षी त्याच दिवसांत येऊन महिना-महिना मुक्काम ठोकणारी ही साधी सर्दी नव्हे. हे नाकाचे वावडे, म्हणजे ॲलर्जी. मळणीची धूळ, बुरशी आणि बांधावरचे गाजरगवत ही त्याची कारणे. हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आले. आज त्याच्याविना बांध शोधावा लागतो. त्याचे पराग नाकात गेले की काहींचे शरीर त्यांना शत्रू समजून हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडते. शिंका, खाज, पाणी हा बराचसा त्याचाच प्रताप.

हिस्टामिनला अडवणाऱ्या गोळ्या जुन्याच आहेत. दुकानात ‘सर्दीची गोळी द्या’ म्हटले की पुष्कळदा क्लोरफेनिरामिन किंवा फेनिरामिन (म्हणजे आपली अविल) हाती पडते. शिंका थांबतात, खोटे कशाला बोला! पण ही औषधे मेंदूतही शिरतात. तिथे हिस्टामिनचे काम माणसाला जागे ठेवण्याचे. तेच अडले की डोळा लागतो. एका हंगामात अशी गोळी घेऊन आम्ही मोटारसायकलवर मेहकरहून डोणगावला निघालो. जाग आली तेव्हा चाक रस्त्याखाली उतरले होते. नशीब, समोर कोणी नव्हते. त्याच दिवशी नोंदवहीत दोन सभासदांच्या लागणीच्या तारखा आम्ही उलटसुलट लिहिल्या आणि पुढे तोडीच्या वेळी बोलणी खाल्ली, ती वेगळीच.

आमचे तेवढ्यावर निभावले. पण रात्री दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा चालक, कडबाकुट्टीत वैरण सारणारा हात, मळणीयंत्राजवळचा माणूस यांचे काय? बरं, झोप आल्यासारखी वाटली नाही तरी हातपाय मंद चालतात. रात्रीच्या गोळीची सुस्ती सकाळीही राहू शकते. त्यात कोणी दारू घेतली असेल तर विचारूच नका.

नव्या पिढीच्या फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन, बिलास्टिन या गोळ्या मेंदूत फारशा शिरत नाहीत, म्हणून नेहमीच्या मात्रेत सहसा झोप आणत नाहीत. सेटिरिझिन मधली समजा. अमेरिकेतील तिच्या माहितीपत्रकाप्रमाणे १० मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरात १४ जणांना सुस्ती आली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांतही सहा जणांना आली. म्हणून ती पहिल्यांदा घरी, रात्री घेऊन पाहावी. लेवोसेटिरिझिन तिचीच बहीण.

एक सभासद म्हणाले, “साहेब, झोप नाही येत म्हणजे गोळी कमजोर असन!” तसे नाही. झोप हा औषधाचा गुण नव्हे, दोष आहे. शिंका आणि खाज नव्या गोळीनेही तितकीच थांबते.

फेक्सोफेनाडिन पाण्याबरोबरच घ्यावी. संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर ती अंगी कमी लागते. त्रासाचे दिवस ठरलेले असतील तर शिंकांची वाट न पाहता डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या दिवसांत रोज घेणे बरे. नाक चोंदणे मात्र गोळीने फारसे सुटत नाही. त्याला डॉक्टर नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा देतात, तो नियमाने घ्यावा. नाक मोकळे करणारे थेंब पाच दिवसांपुढे नकोत. नाक उलट जास्त चोंदते. गरोदर बाई, लहान मूल, मूत्रपिंडाचा रोगी यांना विचारल्याशिवाय कोणतीच गोळी देऊ नये. लघवी अडखळणाऱ्या म्हाताऱ्यांना जुनी गोळी विशेष बाधते. आणि छातीत घरघर, दम लागणे सुरू झाले तर गोळीवर न थांबता सरळ दवाखाना गाठावा.

गाजरगवत फुलावर येण्याआधी हातमोजे घालून, नाकाला फडके बांधून उपटावे. ज्याला त्याचे वावडे आहे, त्याने त्या कामाला जाऊच नये.

तयार सर्दीच्या पाकिटांत जुने औषध बहुधा मिसळलेले असते. तेव्हा पाकिटामागचे नाव वाचावे. अक्षर बारीक असते, खरे आहे. वाचता आले नाही तर ऊस वाहतुकीच्या चालकांनी पाकीट गट कार्यालयात आणावे. नाव आम्ही वाचून देऊ.