दूरध्वनीवरील मुलाखत : परीक्षा कोणाची?

गडचिरोलीच्या पदवीधराला पुण्यातील मुलाखतीसाठी पूर्वी लांबचा प्रवास, भाडे आणि मुक्काम यांची तजवीज करावी लागे. आता अनेक खासगी कंपन्या उमेदवारांची पहिली चाळणी दूरध्वनीवरच लावतात. दोन्ही पक्षांचा खर्च वाचतो, हे खरेच. परंतु या काटकसरीची जोखीम मात्र बव्हंशी उमेदवाराच्या माथी येते.

उमेदवाराची खरी कुवत मालकाला आधी कळत नाही. म्हणून तो पदवीसारख्या बाह्य खुणांवरून अंदाज बांधतो, असे अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडले. २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. दूरध्वनीवर तर चेहरा नसतो. उरतो तो केवळ आवाज. विचारासाठी घेतलेला विराम तेथे अज्ञान ठरू शकतो आणि बोलीचा हेल अपात्रता.

यावर उपाय पूर्वतयारीचाच. अवचित विचारणा झाल्यास सोयीची वेळ मागून घेण्यात कमीपणा नाही. शांत खोली, पुरेशी रेंज, चार्ज केलेला फोन आणि समोर अर्जाची प्रत, जाहिरात, कागद-पेन एवढी सिद्धता असावी. टिपणे मुद्द्यांपुरतीच असावीत. वाचून दाखविलेले उत्तर ऐकणाऱ्याला तत्काळ कळते. प्रश्न ऐकू आला नाही तर पुन्हा विचारावा. थांबायचे असल्यास 'क्षणभर विचार करून सांगतो' असे म्हणावे, म्हणजे शांततेचा गैरअर्थ होत नाही. पगाराची अपेक्षा बाजारातील दर पाहून आधीच ठरवावी. शेवटी पुढील टप्पा कोणता, हे विचारावे. आणि नोकरीसाठी कोणी अनामत रक्कम किंवा ओटीपी मागितला, तर ती मुलाखत नसून फसवणूक आहे, हे ओळखून संभाषण तेथेच संपवावे.

तथापि सारी जबाबदारी उमेदवारावर टाकून चालणार नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ श्रेणीतील पदांच्या मुलाखती बंद केल्या, त्या वशिलेबाजीला आळा घालण्यासाठी. खासगी मालकांनी मुलाखतीच बंद कराव्यात, असे कोणी म्हणणार नाही. परंतु वेळ आगाऊ कळविणे आणि सर्वांना समान प्रश्न विचारणे त्यांना अवघड नाही. महाविद्यालयांनाही दोन विद्यार्थी दोन खोल्यांत बसवून असा सराव बिनखर्चाने घेता येईल. अन्यथा कामाचा माणूस निवडण्याऐवजी केवळ सफाईदार बोलणारा निवडला जाईल, आणि तो तोटा मालकाचाही असेल.