बिघाड सांध्यांत असतो

थकलेलं इंजिन उतरवून त्या जागी दुसऱ्या वॉटर स्कूटरच्या हलमधलं चालू इंजिन बसवलं. सेल्फ मारल्याबरोबर ते सुरूही झालं, पण पाण्यात उतरताच आचके देऊ लागलं. पिकअप घेईना, अर्ध्या थ्रॉटलला गुदमरू लागलं. वॉटर स्कूटरच्या दुरुस्तीत ही तक्रार नेहमीची, आणि तिच्यावरचे निवाडेही ठरलेले: इंजिनच खराब निघालं, नाहीतर कार्बोरेटरचे स्क्रू फिरवायला हवेत. दोन्ही निवाडे घाईचे आहेत. अदलाबदलीत इंजिनाचे पोटातले भाग सहसा जसेच्या तसे राहतात. इंधन, हवा, ठिणगी, तेल आणि पाणी यांच्याशी असलेले त्याचे सांधे मात्र एकेक करून सोडले जातात आणि नव्या ठिकाणी पुन्हा जोडले जातात. तेव्हा पहिला संशय सांध्यांवर असावा, आणि शोध मोजमाप करत घ्यावा.

उदाहरणादाखल सी-डू या वॉटर स्कूटरमधलं रोटॅक्स 717 इंजिन घेऊ. कॅनडाच्या बाँबार्डिए कंपनीनं सी-डू प्रथम 1968 मध्ये आणली, लवकरच बंद केली आणि 1988 मध्ये नव्यानं बाजारात उतरवली. तेव्हापासून दशकभरात तिच्यात ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सची 587, 657, 717 अशी दोन सिलिंडरांची टू-स्ट्रोक इंजिनं आली. 717 चा बोअर 82 मिलिमीटर आणि स्ट्रोक 68, म्हणजे सुमारे 718 सीसी. 657 चा स्ट्रोकही 68 च. घराणं एकच, त्यामुळे धाकट्याच्या जागी थोरलं बसवण्याचा मोह होतो. पण घराणं एक म्हणून सांधे आपोआप धड राहत नाहीत. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना तिथे पोकळी होते, खाली येताना दाब. याच चढउताराची एक बारीक नळी इंधनपंपाकडे जाते आणि त्याचा पडदा हलवते. ती चिरलेली किंवा दुमडलेली असली, तर आयडलवर काहीच जाणवत नाही. पूर्ण थ्रॉटलला मात्र पेट्रोल अपुरं पडतं. लक्षण कार्बोरेटरचं दिसतं, दोष वीतभर रबराचा असतो.

टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची वाट तर हलच्याच मालकीची. इंजिन नवं आलं तरी ती जुनीच राहते. 1990 च्या दशकातल्या सी-डूंमधल्या राखाडी इंधननळ्या आतून विरघळून त्यांचा हिरवट चिकटा होतो, आणि तो कार्बोरेटरच्या आतल्या बारीक जाळीत जाऊन बसतो. धुऊनपुसून बसवलेला कार्बोरेटर अशा नळीला जोडला की थोड्याच दिवसांत पुन्हा तुंबतो. शिवाय पंप या वाटेनं पेट्रोल ओढून घेतो. फिल्टरच्या वाटीची रिंग किंवा इंधनाचा कॉक सैल असेल, तर पेट्रोल बाहेर ठिबकेलच असं नाही. उलट हवा आत शिरते. म्हणून हलचा तळ कोरडा आहे एवढ्यावरून नळ्या धड आहेत असं मानता येत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हेच इंजिन जुन्या हलमध्ये झकास पळत होतं. पळत असेलही, पण तो पुरावा त्या जोडीचा आहे, एकट्या इंजिनाचा नाही. या घराण्यात हवा आत घेण्याचं काम रोटरी व्हॉल्व्हची तबकडी करते. तिचा काप दोन्ही बाजूंना सारखा नसतो. झाकण उघडून बसवताना ती एक दाता सरकली किंवा उलटी लागली, की हवा आत यायची वेळच बदलते. बाकी सारं चोख असूनही इंजिन खेचत नाही. जुन्या इंजिनावरचा मॅग्नेटो नव्यावर चढवला असेल, तर ठिणगीची वेळ टायमिंग लाइट लावून पुन्हा पाहावी लागते. तेलाच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला किंवा तेलपंपाच्या केबलची खूण जुळली नाही, तर एकतर धुराचा लोट निघतो, नाहीतर पिस्टन जाम होतो. त्यासाठीच जाणते लोक नव्या जोडणीनंतरच्या पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही थोडं तेल मिसळतात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: इतकं तपासत बसण्यापेक्षा स्क्रू फिरवून पाहिलेलं काय वाईट? अडचण अशी, की पेट्रोल जास्त झालं तरी इंजिन गुदमरतं आणि कमी पडलं तरी गुदमरतं. क्रँकच्या सीलमधून हवा शिरत असताना स्क्रू सोडून मिश्रण गडद केलं, तर इंजिन तात्पुरतं सुधारतं. पण गळती तशीच राहते आणि पुढे कधीतरी पूर्ण वेगात पिस्टनला भोक पाडते. त्यातून बिघडलेल्या यंत्रावर बसवलेलं सेटिंग यंत्र दुरुस्त झाल्यावर चुकीचंच ठरतं. म्हणून स्क्रूंची पाळी शेवटी.

तिसरा आक्षेप खरा आहे: कधीकधी इंजिनच गेलेलं असतं. याच शंकेसाठी कॉम्प्रेशन सगळ्यांत आधी, शक्यतो इंजिन बसवण्यापूर्वीच, मोजावं. दोन सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक आढळला, तर पुढची चर्चाच थांबते. मात्र कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून क्रँककेस हवाबंद ठरत नाही. ते पिस्टनच्या वरचं मोजमाप आहे, सील खाली असतात. त्यासाठी इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत हलका दाब भरावा आणि काटा टिकतो का ते पाहावं. एकाच सिलिंडरचा प्लग सतत तेलकट निघत असेल, तर संशय रोटरी व्हॉल्व्हच्या शाफ्टच्या सीलवर जातो. तिथल्या गिअरच्या खोलीतलं तेल क्रँककेसमध्ये उतरतं.

हे सारं जुळल्यावरही ट्रेलरवरचा गुरगुराट फसवा असतो, कारण तिथे पाणी ढकलणाऱ्या इम्पेलरवर भारच नसतो. खरी परीक्षा पाण्यात, टॅकोमीटरवर नजर ठेवून. आरपीएम चढतात पण वेग येत नाही, तर दोष इम्पेलरचा, त्याच्याभोवतीच्या झिजलेल्या रिंगचा किंवा हवा ओढणाऱ्या शाफ्टसीलचा, इंजिन निर्दोष. आरपीएमच चढत नाहीत, तर एकतर इंजिनाची ताकद कमी पडते, नाहीतर इम्पेलरचा पिच त्याला झेपत नाही. याउलट 587 साठी निवडलेला इम्पेलर 717 ला हलका पडू शकतो, आणि मग धडधाकट इंजिनही हवेत फिरल्यासारखं गरगरतं. मागच्या टोकाचा हा सांधा नजरेतून सुटला, तर पुढचं इंजिन विनाकारण दुसऱ्यांदा उतरवलं जातं.