डॉक्टरांचे विमाछत्र हरपते तेव्हा

विमा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आयुर्विमा महामंडळाचा एजंट येतो, ट्रॅक्टरचे किंवा मोटारसायकलचे कागद येतात, नाहीतर खरिपाच्या तोंडावर पीकविमा भरण्यासाठी लागलेली रांग येते. डॉक्टरही एक विमा उतरवतात, आणि तो स्वतःच्या जिवाचा नसून स्वतःच्या हातून होऊ शकणाऱ्या चुकीचा असतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. या विम्याचे नाव 'प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी'. मराठीत त्याला व्यावसायिक नुकसानभरपाई विमा म्हणता येईल. डॉक्टर मंडळी बोलताना नुसते 'इन्डेम्निटी' म्हणतात. उपचारात हलगर्जीपणा झाला असा दावा रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केला आणि भरपाई द्यावी लागली, तर ती रक्कम आणि वकिलाचा खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत विमा कंपनी सोसते.

हा विमा हातचा गेला तर काय होते, अशा वेळी डॉक्टरांनी काय करावे, आणि त्याच्याशी तुमचा-आमचा संबंध काय, हे सांगणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विषय रुक्ष आहे खरा. परंतु ज्या गावाहून नांदेड गाठायला हिमायतनगर आणि भोकर मागे टाकावे लागते, त्या इस्लापूरच्या मुलाला तो तितकासा रुक्ष वाटत नाही. आमच्याकडे डॉक्टरने हात आखडता घेतला, तर त्याची किंमत रस्त्यात मोजावी लागते.

या विम्याची गरज का पडली?

सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली निकाल दिलेला जोशी विरुद्ध गोडबोले हा खटला आपल्या महाराष्ट्रातलाच. १९५३ साली पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याच्या रुग्णालयात आणले. तेथे पुरेशी भूल न देता हाड ओढून बसवण्यात आले आणि तो तरुण दगावला. वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा लावला. पंधरा वर्षांनी तो संपला. भरपाई ठरली तीन हजार रुपये.

पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा या कायद्याखाली येते. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यातून डॉक्टर सुटले काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली 'नाही' असेच उत्तर दिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली त्यात बदल केला नाही. मधल्या काळात भरपाईचे आकडेही वाढले. कोलकात्याच्या एका खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे सहा कोटी रुपये आणि त्यावर व्याज देण्याचा आदेश दिला. प्रत्येक दावा असा कोटीचा नसतो. तरीही तालुक्याच्या गावी सहा खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरला दहा-वीस लाखांचा आदेशसुद्धा घर विकायला लावू शकतो.

खरी मेख कोठे आहे?

ट्रॅक्टरचा अपघात झाला तर आपण अपघाताच्या दिवशी विमा चालू होता का, एवढेच पाहतो. डॉक्टरांच्या विम्याचे गणित निराळे आहे. तेथे दावा ज्या दिवशी दाखल होतो, त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते. शिवाय ज्या उपचाराबद्दल तक्रार आहे, तो पॉलिसीवर लिहिलेल्या एका जुन्या तारखेनंतरचा असावा लागतो. या तारखेला पूर्वलक्षी तारीख म्हणतात. पहिल्यांदा विमा उतरवला तो दिवस साधारणपणे पूर्वलक्षी तारीख ठरतो, आणि दरवर्षी खंड न पडता नूतनीकरण केले तर ती कायम राहते.

उदाहरण घेऊ. एका डॉक्टरची पॉलिसी एप्रिल २०१८ पासून चालू आहे. जून २०२१ मध्ये त्याने एक शस्त्रक्रिया केली. त्याबद्दलचा दावा जानेवारी २०२३ मध्ये आला. पॉलिसी अखंड असेल तर कंपनी त्या दाव्याची जबाबदारी घेईल. पण समजा, एप्रिल २०२२ मध्ये हप्ता राहून गेला आणि ऑगस्टमध्ये नवी पॉलिसी घेताना पूर्वलक्षी तारीख ऑगस्ट २०२२ अशी पडली. आता शस्त्रक्रियेच्या दिवशी विमा होता, दाव्याच्या दिवशीही विमा आहे, आणि तरीही कंपनी एक पैसा देणार नाही! चार महिन्यांचा खंड मागच्या चार वर्षांचे संरक्षण घेऊन गेला. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत सामान्यतः दोन वर्षांची आहे, आणि योग्य कारण दाखवले तर उशीर माफही होतो. म्हणजे आज केलेल्या उपचाराचे ओझे डॉक्टरच्या खांद्यावर निदान दोन वर्षे तरी राहतेच. निवृत्त झालेल्या डॉक्टरांनीही लगेच पॉलिसी बंद करू नये, असे सांगतात ते याचसाठी.

संरक्षण जाण्याच्या वाटाही एकापेक्षा अधिक आहेत. हप्ता चुकणे ही सर्वांत साधी. वारंवार दावे आल्यामुळे कंपनीने नूतनीकरण नाकारणे ही दुसरी. अर्ज भरताना आधीचा दावा लपवला, म्हणून पॉलिसी रद्द होणे ही तिसरी. चौथी वाट अशी की कागदावर पॉलिसी जिवंत असते, पण केलेले काम तिच्यात बसत नाही. १९९६ साली मुंबईतील एका होमिओपॅथी डॉक्टरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की, ज्या शास्त्राचे शिक्षण व नोंदणी नाही त्याची औषधे देणे हाच हलगर्जीपणा होय. कायद्याच्या बाहेर जाऊन केलेल्या कामाला विमा नसतो. ग्रामीण भागात कोणता डॉक्टर कोणत्या पॅथीचा, याची फारशी चौकशी होत नाही; म्हणून हा मुद्दा आपल्याकडे विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे.

एक जवळून पाहिलेले उदाहरण

माझे मामा शेजारच्या तालुक्याच्या गावी छोटेसे रुग्णालय चालवतात. त्यांचा विमा पाहणाऱ्या एजंटाने धंदा सोडला, नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर गेली, आणि पॉलिसी संपून एकोणीस दिवस झाल्यावर ही गोष्ट मामांच्या लक्षात आली. मी दिवाळीच्या सुट्टीत तेथे होतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून कागद लावण्याचे काम माझ्याकडे आले, आणि वर लिहिलेले बरेचसे ज्ञान मला त्या पत्र्याच्या कपाटातून मिळाले.

नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत मामांनी आधी ठरलेल्या सगळ्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. अडलेल्या एका बाईला रात्री दहा वाजता नांदेडला पाठवावे लागले. मामांनी स्वतः रुग्णवाहिकेला फोन केला, चिठ्ठी लिहिली, सोबत नर्सबाई दिली. बाई सुखरूप बाळंत झाली. पण तिच्या नवऱ्याने नांदेडच्या मुक्कामाला आणि परतीच्या गाडीभाड्याला सोयाबीनच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली, हे मागाहून कळले. विमा हुकला मामांचा आणि उचल घ्यावी लागली त्या शेतकऱ्याला. या विषयाकडे मी गंभीरपणे पाहू लागलो तो तेव्हापासून.

मग करावे काय?

मामांनी जे केले आणि जाणत्यांनी त्यांना जे सांगितले, ते थोडक्यात असे.

पहिली गोष्ट म्हणजे जुनी पॉलिसी काढून बारीक अक्षरांतला मजकूर वाचणे. नूतनीकरण झाले नाही तरी त्या पॉलिसीच्या काळातील घटनांची सूचना देण्यासाठी बऱ्याच पॉलिसींत नव्वद दिवसांपर्यंत मुदत असते. मात्र मध्ये दुसरा विमा घेतलेला नसावा. ज्या प्रकरणात तक्रार येण्याची शक्यता दिसते, ते या मुदतीत कंपनीला लेखी कळवावे.

दुसरी, जुन्या पूर्वलक्षी तारखेसह पॉलिसी पुन्हा चालू करण्याची लेखी विनंती करावी. खंडाच्या काळात काय घडले ते खरे सांगावे. विमा हा विश्वासाचा करार आहे आणि लपवलेली गोष्ट नेमकी दाव्याच्या वेळीच बाहेर येते. एका कंपनीने नकार दिला तर दुसरीकडे विचारावे. मामांच्या कंपनीने हप्ता वाढवला, परंतु जुनी तारीख राखली.

तिसरी, कागद. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे आंतररुग्णाचे कागद तीन वर्षे जपावे लागतात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. विम्याच्या दृष्टीने ते त्याहून अधिक काळ जपलेले बरे. जुन्या पॉलिसी तर कधीच फेकू नयेत.

चौथी, विमा नसताना ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते. दारात आलेला अत्यवस्थ रुग्ण मात्र परत पाठवता येत नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कर्तव्य सरकारी आणि खासगी अशा दोन्ही डॉक्टरांवर टाकले आहे. तेव्हा आधी जीव सांभाळावा, मग पुढे पाठवावे.

पाचवी, याच काळात नोटीस आली तर ती टेबलाच्या खणात ठेवू नये. ग्राहक आयोगापुढे उत्तर देण्यास ३० दिवस, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापलीकडे मुदत वाढवता येत नाही, असे घटनापीठाने २०२० साली सांगितले आहे. केसपेपरवर मागाहून एक अक्षरही वाढवू नये.

काहीजण म्हणतात, विमा गेला तर गेला, मालमत्ता बायकोच्या नावावर केली की झाले. हा उपाय नव्हे. आयोगाचा आदेश न पाळल्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आणि ज्याचे खरोखर नुकसान झाले त्या रुग्णाने मग कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

जगात काय झाले?

विमा केवळ डॉक्टरच्या विसराळूपणामुळे जातो असे नाही. कधी कंपनीच दुकान आवरते. अमेरिकेत डिसेंबर २००१ मध्ये सेंट पॉल या मोठ्या कंपनीने हा धंदा सोडण्याचे जाहीर केले आणि सुमारे ४२ हजार डॉक्टरांना दुसरा आसरा शोधावा लागला. इतर कंपन्यांचे हप्तेही भडकले. जुलै २००२ मध्ये लास व्हेगास शहरात या कारणाने अस्थिरोगतज्ज्ञांनी राजीनामे दिले आणि तेथील अपघात विभाग दहा दिवस बंद राहिला. तो उघडला कसा? त्या डॉक्टरांना तात्पुरते सरकारी नोकर करून घेतले, म्हणजे त्यांची जबाबदारी मर्यादित झाली. ऑस्ट्रेलियात मे २००२ मध्ये देशातील सुमारे ६० टक्के डॉक्टरांना संरक्षण देणारी संस्था डबघाईला आली, तेव्हा केंद्र सरकारने हमी घेऊन दवाखाने चालू ठेवले. दोन्हीकडे शेवटी सार्वजनिक तिजोरीच आधाराला आली.

हा विचार आपल्या मराठवाड्यालाही परका नाही. १९६३ साली तेव्हाच्या औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीच्या पोटात शस्त्रक्रियेच्या वेळी कापडाचा बोळा राहिला आणि ती दगावली. तिच्या पतीने लावलेला खटला, अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात संपला. नोकर चुकला तर धनी जबाबदार, या न्यायाने राज्य शासनाला ३६ हजार रुपयांची भरपाई द्यावी लागली. तेहतीस वर्षे हा उशीर लाजिरवाणाच. पण तेथे भरपाई देणारा धनी उभा होता. खासगी डॉक्टरच्या मागे असा धनी नसतो. त्याची जागा फक्त विमा घेतो.

समारोप

रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक वाहनाला दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. डॉक्टरांच्या विम्याची तशी सक्ती नाही. ती असावी की नसावी यावर आपले वर्गात मतभेद होतील, आणि व्हावेतही. सक्तीने हप्त्याचा बोजा अखेर रुग्णाच्या बिलावरच पडेल, हा आक्षेप खरा आहे. त्याआधी करता येण्याजोगी एक साधी गोष्ट मला सुचते. प्रत्येक तालुक्यातील डॉक्टरांच्या संघटनेने आपल्या सभासदांच्या पॉलिसीच्या तारखांची एक वही ठेवावी आणि महिनाभर आधी प्रत्येकाला आठवण द्यावी. आमच्या गावची दूध सोसायटी एवढा हिशोब रोज ठेवते.

आमच्या भागात डॉक्टर टिकला पाहिजे, आणि त्याच्या हातून चूक झालीच तर रुग्णाच्या घरच्यांना भरपाईही मिळाली पाहिजे. या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत असे आपण समजतो. प्रत्यक्षात दोघींचाही भार कपाटातल्या त्याच एका कागदावर आहे, आणि त्याची तारीख दरवर्षी संपते.